हेडफोनमध्ये गाणं होतं, की मी?

अहो, एक सरळ विचारते. तुम्हाला ऐकू येत होतं का?

तेरावा उरकला, पाहुणे गेले, आता जरा टेकावं म्हटलं तर आपल्या प्रवीणनं तुमचा फोन उघडला, आणि तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. कुकर लावते आणि शिट्ट्या मोजायच्या विसरते. अंगणात जाते, कशाला आले ते आठवत नाही, परत आत येते. येणाऱ्या बायका म्हणतात, दुःखानं होतंय, होईल हळूहळू कमी. दुःख आहेच, ते कुठे जातंय. पण हे वेगळं आहे. मला तुमच्याशी भांडायचंय आणि तुम्ही खुर्चीत नाही. तुमच्या कानांवर ते हेडफोन असताना मी तुमच्यासमोर काय काय बोलले आहे ते एकेक आठवतंय, आणि बसवत नाही.

पहिल्यापासून सांगते. नाहीतर म्हणाल, मास्तरीण, मधूनच धडा काढू नको.

त्या फोनवरून आपलं पहिलं भांडण सांगलीत झालं, भर दुकानात. दुकानदार बिचारा चांगला माणूस. एकापेक्षा एक नवे, पातळ, चकचकीत फोन काढून समोर मांडत होता. तुम्ही प्रत्येक फोन उलटासुलटा करून एकच विचारत होता, "हेडफोनची पिन कुठं जाती?"

"काका, आता पिनचं फोन येत न्हाईत. सगळं ब्लूटूथ. वायरीची कटकटच न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणून तुम्ही उठलात. त्यानं हाताला धरून परत बसवलं आणि आतून एक जाडजूड फोन आणला. गाण्याच्या शौकिनांसाठीच केलेला, आवाजासाठी आत वेगळी चिप बसवलेली, डोक्यावर पिनचं भोक. कुणी मागत नाही म्हणून एकच ठेवलाय म्हणाला. मी विचारलं, याचा कॅमेरा कसा आहे? तर तुम्ही म्हणालात, "कॅमेरा काय करायचाय? तुला रोज बघतोयच की." दुकानदार हसला, त्याच्याकडची पोरंठोरं हसली, आणि मी घरी येईपर्यंत गाडीत तुमच्याशी बोलले नाही.

त्यावर हेडफोनही साधे चालेनात. कानात घालायची बोंडं नकोत, पुरा कान झाकणारे हवेत. दोन जोड घेऊन, तेच गाणं आलटून पालटून, डोळे मिटून ऐकत बसलात. दुपार सगळी त्यात गेली. घरी आल्यावर ते घालून ओट्यावर बसलात तर शेजारच्या शालनवहिनींनी कंपाउंडवरून बघितलं आणि म्हणाल्या, "आवं सुभेदार, कुठं इमान चालवायला निगालासा?" मलकापुरात आठवडाभर तेच चाललं होतं.

तुम्हाला गाण्याचं वेड होतं, हे मी नाकारत नाही. तोफखान्यात एवढी वर्षं काढून माणूस गाण्यात इतका हळवा कसा राहतो, हे मला कधी कळलं नाही. मिरजेला गेलो होतो ते आठवतं? देवदर्शनाला म्हणून गेलो आणि तुम्ही तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानात शिरलात. कारागिरानं तारेखाली सुताचा एक धागा सरकवला आणि तो बंद बंद आवाज एकदम उमलला. तुम्ही भोपळ्यावर तळहात ठेवून उभे राहिलात. मी म्हटलं, चला आता, गाडी चुकेल. तुम्ही म्हणालात, "थांब गं, हातानं ऐकतोय."

नंतर तोच आवाज तुम्ही हेडफोनमध्ये शोधत बसायचा. प्रवीणला सांगून मोठमोठ्या फाइली भरून घ्यायचा. साध्या फाइलीत तंबोऱ्याच्या तारेची ती झणझण, ती झार मरते म्हणायचा. मला ओढून बसवायचा, माझ्या अंबाड्यावरून ते धूड चढवायचा आणि म्हणायचा, "ऐक, आता गाणारीनं श्वास घेतला. घेतला का न्हाई?" मी म्हणायची, मला गाणं ऐकायचंय, तिचा श्वास ऐकून काय करू? पण खरं सांगते, एकदा तो ऐकल्यावर मला गाण्यात तोच ऐकू यायला लागला. तुम्ही बिघडवलंत मला.

आणि कान. तुमचे कान गेलेले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तोफेशेजारी उभं राहून डावा बराचसा गेला, उजवा थोडा. शिवाय एक बारीक शिट्टी कायम वाजत असायची म्हणे आत. ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही मी उगीच खोदून विचारलं म्हणून. लष्करातून मिळालेलं कानाचं यंत्र डबीतून बाहेर निघालं नाही. मी म्हणायची, मशीन लावा. तुम्ही म्हणायचा, "मला ऐकू येतंय." मी म्हणायची, कुठे येतंय? तुम्ही, "येतंय म्हंजे येतंय."

कारण मला माहीत होतं. कडेगावकडच्या आपल्या मूळ गावात एक भैरा अण्णा होता. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पारावर बसला की पोरं मागून येऊन त्याच्या कानात ओरडायची आणि तो दचकला की सगळा पार हसायचा. तुम्हीही लहानपणी ओरडला होता. सुभेदार होऊन, छातीवर पदकं लावून, झेंडावंदनाला खुर्ची मिळवून गावात परत आलेल्या माणसाला भैरा सुभेदार व्हायचं नव्हतं. शौकीन म्हणा, बेशिस्त म्हणा, म्हातारचळ लागलाय म्हणा, ते सगळं तुम्हाला चालत होतं.

फोन आला आणि त्यानं तुमची परीक्षा घेतली. बारीक बारीक आवाज काढायचा आणि विचारायचा, आला का ऐकू? तुम्ही पोरासारखे बोट दाबत बसला होता. मग त्यानं गाणं तुमच्या कानांच्या मापाचं करून दिलं. मी ऐकलं तर डाव्या बाजूला नुसती किरकिर. म्हटलं, हे काय बिघडलं? तुम्ही म्हणालात, "बिघडलं न्हाई. ती झांज हाय. मला ती आत्ता कुठं ऐकू आली." डोळे भरले होते तुमचे. मी म्हटलं, जरा पुसा, शालनवहिनी बघतायत. असं बोलायचं असतं का अशा वेळी? पण मला दुसरं काय येतं.

मग ते हेडफोन उतरेचनात. गाणं ऐकताना ठीक. पण जेवताना? माझ्याशी बोलताना? ताटाशेजारी फोन, त्याचं बूड माझ्याकडे केलेलं, आणि कानांवर त्या पालथ्या वाट्या. मी रागानं फोन फिरवून ठेवायची, तुम्ही परत तसाच ठेवायचा. दिवाळीला प्रवीणनं पुण्याहून बिनवायरीचे चांगले भारी हेडफोन आणले. तुम्ही घालून बघितले, प्रवीणला जरा बोलायला लावलंत, आणि काढून ठेवले.

"आवाज लय चांगला हाय रं. पण उशिरा येतोय."

"पप्पा, किती उशिरा? पापणी लवायच्या आत येतोय. गाण्याला काय फरक पडणार?"

"मला पडतोय."

"कसा पडतोय सांगा ना. रेकॉर्ड झालेलं गाणं. ते जरा मागून सुरू झालं तर काय बिघडलं?"

"सांगितलं न्हवं, पडतोय म्हणून."

पोराचं तोंड उतरलं. त्यानंतर दर खेपेला तो विषय निघायचा. तो इंजिनिअर, तुम्ही सुभेदार, दोघंही मागं हटणार नाहीत. तुम्ही गेलात तरी ते भांडण मिटलं नव्हतं.

आणि भावकीची बैठक! शेतात जायच्या वाटेवरून सगळे चुलते-पुतणे जमलेले. भाऊजी म्हणाले, "दादा, भावकी बसलीया. ते कानातलं काडा की जरा." तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं केलंत. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वडीलधारी माणसं बोलतायत आणि हा माणूस गाणी ऐकतोय. मग तिकडे कोपऱ्यात भाऊजी पुतण्याला हळूच म्हणाले, दादाला कुठं काय कळतंय, वाट विहिरीकडनंच काढू. आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "विहिरीकडनं न्हाई. बांधाकडनंच." मला वाटलं, अंदाजानं बोलले. फौजी माणूस, माणसं ओळखतो.

तुम्ही गेल्यावर माती सावडायच्या दिवशी भाऊजींनी नदीवर तुमच्या आवडीचं सगळं नेलं होतं. भडंग, चहा, गुळाची पोळी. त्यात त्यांनी हेडफोनही आणून मांडले. माणूस रडत होता हो, म्हणत होता, दादाचा जीव ह्यात हुता. मी ते उचलून पिशवीत घातले. कावळ्याला काय करायचेत.

तर परवा प्रवीण फोनमधले फोटो काढून घ्यायला बसला. त्याला काहीतरी चालू दिसलं. त्यानं हेडफोन चढवले आणि म्हणाला, "आई, तू आत जाऊन काहीतरी बोल."

"काय बोलू? आमटी करू का पिठलं, ते सांग."

बाहेर येऊन बघते तर त्याच्या डोळ्यांतून पाणी. त्यानं ते माझ्या कानांवर चढवले. अहो, त्यात गाणं नव्हतंच. घर होतं. मोरीतला नळ ठिबकत होता. माझ्याच पदराचा आवाज येत होता. शालनवहिनी त्यांच्या परसात कुणाला तरी सांगत होत्या, बाई लय धीराची हाय. हायवेवरून उसाचा ट्रॅक्टर गेला तो डोक्यातून गेल्यासारखा. फोन बुडातल्या माइकनं समोरचा आवाज घेत होता, मोठा करत होता, तुमच्या कानाला हवा तसा करून वायरीतून सोडत होता.

"म्हणून वायर पाहिजे होती त्यांना," प्रवीण म्हणाला. "गाण्याला उशिराचं काही नसतं आई. समोर माणूस बोलत असला की ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, मग डोकं गरगरतं. ते मला बोलायला लावून बघत होते गं. आणि मी त्यांना गाण्यावरून शिकवत बसलो." मग तो तुमच्यावरच चिडला. "एकदा सांगायचं न्हाई व्हय मला? मी काय गावभर सांगत सुटलो असतो?"

मीही चिडले आहे. अजून आहे. त्याला नाही तर नाही, मला सांगायचं नव्हतं? ताटाशेजारी फोनचं बूड माझ्याकडे का, हे मी विचारलं होतं की नाही? तुम्ही म्हणालात, "असू दे गं, रेंज येती." रेंज! मला ठाऊक आहे तुम्ही का बोलला नाहीत. मी लगेच म्हटलं असतं, मग सरळ मशीनच लावा की, तेवढीच लपवालपवी वाचेल. म्हटलं असतंच. तरी सांगायचं होतं. मी तोंड वाकडं केलं असतं आणि मग दुसऱ्या दिवसापासून फोनच्या बुडाकडे बघून नीट, सावकाश बोलले असते.

पण माझा खरा घोर पुढेच आहे. तुमच्या कानांवर हेडफोन दिसले की मला वाटायचं, हा माणूस आता इथे नाही. आणि मग मी बोलायची. तोंडावर बोलता येत नाही ते सगळं. उंब्रजच्या शाळेत दिवसभर पोरांसमोर तोलून बोलायची सवय, घरी सासूबाई असेपर्यंत तिथेही तोलून. रिटायर झाल्यावर हे एक ठिकाण मिळालं होतं मला, समोर नवरा बसलाय आणि त्याला काही ऐकू येत नाही. तुमच्या बहिणीबद्दल बोलले. तुमच्या घोरण्याबद्दल बोलले. तुम्ही स्वयंपाकघरात येऊन डब्यांची परेड लावायचा, मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे, तेव्हा पोळ्या लाटता लाटता काय काय पुटपुटले ते परत सांगण्यासारखं नाही. तुम्ही मान डोलवत बसलेले. मला वाटायचं, तालावर डोलताय.

डोलत कशावर होता हो?

नळ गळतोय म्हणून पुटपुटले आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर दारात. मी म्हटलं, योगायोग. मोरपंखी साडी दुकानात बघून ठेवली होती ती तुम्ही अचानक आणलीत; मी म्हटलं, सुनेनं सांगितलं असेल. आता सगळं उलगडतंय असं म्हणावं, तर गॅस संपला म्हणून मी घसा कोरडा केला आणि तुम्ही तंबोऱ्यात बुडालेले, तेही तितकंच खरं. प्रवीण म्हणतो, कधी गाणं चालू होतं आणि कधी हे, ते आता कळायला मार्ग नाही. हेडफोन तेच, चेहरा तोच. तुम्ही दोन्ही एकाच चेहऱ्यानं ऐकत होता.

काल ठरवलं होतं की तुम्ही काहीच ऐकलं नाही असं धरून चालावं. म्हणजे बहिणीचं, डब्यांचं, घोरण्याचं, सगळं वाऱ्यावर गेलं. जिवाला जरा बरं वाटलं. पण मग दुसरं एक आठवलं, आणि तेही वाऱ्यावर गेलं असं धरावं लागणार म्हटल्यावर परत उठून फेऱ्या घालायला लागले. ते एक ऐकलं असेल, तर बाकीचं सगळं ऐकलेलं चालेल मला. तुमच्या बहिणीला सांगितलं असतंत तरी चालेल.

यंदाच्या थंडीतली गोष्ट. संध्याकाळ, उन्हाची तिरीप ओट्यावरून सरकत चालली होती म्हणून मी तिच्याकडे तोंड करून पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. तुम्ही माझ्या पाठीमागे खुर्चीत, हेडफोन घालून. काही घडलं नव्हतं. शेंगा सोलता सोलता मला जुनी वर्षं आठवली. तुम्ही सीमेवर, मी इथे, प्रवीण लहान, रात्री दाराची कडी दोनदा बघून झोपायची. पुढे तुम्ही कायमचे घरी आलात, तेव्हा पहिले काही महिने मला तुमची अडचणच व्हायची, सवयच नव्हती माणसाची. आणि आता ती पाठीमागे खुर्ची करकरते आहे, आणि ते किती चांगलं आहे. हे सगळं मनात आलं आणि मी शेंगांकडे बघून, हळूच, म्हटलं. आपल्या सगळ्या संसारात तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

पाठीमागून तुम्ही म्हणालात, "काय म्हणालीस? परत म्हण."

मी दचकले. शेंगा सांडल्या. म्हटलं, "काही नाही, चहा ठेवू का म्हटलं."

जरा थांबून तुम्ही म्हणालात, "व्हय, ठेव की."

मी चहा ठेवला, तुम्ही प्यायलात, कप विसळून पालथा घातलात. तो विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

आता विचार करा. माझी पाठ होती तुमच्याकडे. माझे ओठ तुम्हाला दिसत नव्हते. गाणं चालू असतं, तर मी काही बोलले एवढंही तुम्हाला कळलं नसतं. म्हणजे त्या संध्याकाळी गाणं नव्हतं. फोनचं बूड माझ्या पाठीकडे होतं आणि तुम्ही मला ऐकत बसला होता. इथपर्यंत मी पोचले आहे. पुढचं कळत नाही. शब्द नीट कळले नाहीत म्हणून परत म्हण म्हणालात, की कळले म्हणून? त्या "व्हय, ठेव की"च्या आधी तुम्ही जरा थांबलात ते का थांबलात? मी वळून तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं तर आज हे विचारावं लागलं नसतं. मी सरळ आत गेले.

दोन्हींपैकी काहीही असो. तुम्ही मागितलं होतं आणि मी चहा दिला. आता घरात कुणी नाही, प्रवीण बाजारात गेलाय, शालनवहिनी आत आहेत. तुमच्या खुर्चीकडे तोंड करून बसले आहे आणि तेच परत, मोठ्यानं म्हणते आहे.

अहो, तुम्ही घरात असलात की मला बरं वाटतं.